अर्धी कसाले ठेवानी?

मे महिना, दुपारचे दोन, जळगाव. दवाखान्याच्या व्हरांड्यात कूलर धडधडतोय, त्यातल्या भिजल्या गवताचा वास सगळीकडे पसरलाय आणि तरीही बाकावर बसलेल्यांच्या पाठीवर घामाचे नकाशे उमटलेत. चोपडा तालुक्यातला एक केळीवाला, वय पन्नाशीच्या आतबाहेर, मुतखड्याची कळ आली म्हणून सोनोग्राफीला आलेला. खडा निघाला डावीकडे, ५ मिलिमीटरचा, पाणी प्यायलं की आपसूक पडून जाईल असा. पण उजव्या किडनीच्या खालच्या टोकाला ३.२ सेंटिमीटरची गाठ दिसली. तिने त्याला आजवर कसलाच त्रास दिला नव्हता. पुढे सीटी स्कॅन झाला, कॅन्सरचा संशय पक्का झाला आणि सर्जन म्हणाले, ‘गाठ तेवढी काढू, किडनी राहू देऊ. पार्शल करू.’ कॅबिनमधून व्हरांड्यात येईपर्यंत हे वाक्य बदललं. काउंटरवरच्या मुलीने फाइल चाळत विचारलं, ‘अर्धी किडनी काढायचीये ते तुम्हीच ना?’ ते ऐकलं मात्र, पेशंटचे मोठे भाऊ उठले, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि परत कॅबिनच्या दारात जाऊन उभे राहिले. ‘डाक्टर, अर्धी कसाले ठेवानी? आख्खी काढी टाका ना. दुसरी चांगली शे ना!’

हा प्रश्न साधा वाटतो, पण सहजासहजी मनातून जात नाही.

कारण तो अडाण्याचा प्रश्न नव्हे. तो केळी पिकवणाऱ्याचा प्रश्न आहे. ज्याने बागेत हरण्या, म्हणजे केळीचा विषाणूचा रोग, पाहिलाय, त्याच्या मनात दुसरा विचार येणारच नाही. पानांवर पिवळट पट्टे दिसले, पोंगा सडायला लागला की त्या झाडाची दयामाया करायची नाही. कंदासकट उपटायचं, बागेबाहेर नेऊन गाडायचं नाहीतर जाळायचं. एक झाड वाचवायला गेलं की मावा तो रोग शेजारच्या ओळीत घेऊन जातो आणि महिन्याभरात अर्धी बाग जाते. रावेर-यावल-चोपड्याच्या पट्ट्यात हे शहाणपण पैसे मोजून आलेलं आहे. तेव्हा ‘कॅन्सर’ हा शब्द ऐकून तिथला माणूस ‘मुळासकट’ म्हणाला, तर त्यात नवल काय? गंमत अशी की हाच माणूस करप्याच्या बाबतीत अगदी उलट वागतो. पानाच्या टोकाला करपा दिसला तर सगळं पान तो कापत नाही. विळ्याने रोगट तेवढा तुकडा उतरवतो, हिरवं राहू देतो, कारण पान गेलं तर घड भरणार कशावर? कुठे उपटायचं आणि कुठे कातरायचं हे रोगाच्या जातीवर आणि तो किती पसरलाय यावर ठरतं. किडनीतली लहान गाठ बहुतेक वेळा करप्याच्या बाजूला बसते. हे त्या भाऊंना कुणी त्यांच्या भाषेत सांगितलं असतं तर गोष्ट दोन मिनिटांत मिटली असती असं वाटतं. पण सांगायला मधे ‘अर्धी’ हा शब्द आडवा आला.

‘अर्धी’ हा सगळा गोंधळ घालणारा शब्द आहे. पार्शल नेफ्रेक्टॉमी म्हणजे किडनीचे पपईसारखे दोन काप करून एक टाकून देणं नाही. किडनी १० ते १२ सेंटिमीटर लांब, वजनाला साधारण १२० ते १५० ग्रॅम, म्हणजे भरताच्या मध्यम वांग्याच्या निम्मीही नाही. तिच्या टोकाला लिंबाएवढी गाठ असेल तर ती आणि तिच्याभोवतीचा चांगल्या मांसाचा काही मिलिमीटरचा पापुद्रा, एवढंच बाहेर येतं. उरलेलं जागेवर शिवलं जातं. सगळं नीट झालं तर ऑपरेशन झालेल्या किडनीची साधारण ८० टक्के ताकद टिकते. १०० मधून २० गेले याला आपण ‘अर्धं गेलं’ म्हणत नाही. ‘गाठ काढून किडनी राखणं’ असं साधं सांगता येतं. पण दवाखान्यांत इंग्रजी शब्दाचा जो पहिला मराठी अवतार तोंडात बसतो तो कायमचा बसतो.

आता त्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग: दुसरी चांगली आहे ना? एका किडनीवर माणूस जगतो हे जगाला कळलं १८६९ साली. जर्मनीत हायडेलबर्गला गुस्ताव्ह सिमोन नावाच्या सर्जनने आधी कुत्र्यांवर प्रयोग करून पाहिले, मग एका बाईची किडनी काढली आणि ती बाई जगली. त्याच हायडेलबर्गात १८८७ साली चेर्नी नावाच्या सर्जनने गाठीपुरता भाग काढून किडनी राखली. म्हणजे ‘आख्खी’ आणि ‘अर्धी’ यांच्यात जेमतेम अठरा वर्षांचं अंतर. पण राखणं अवघड होतं. रक्त थांबायचं नाही, लघवी पोटात गळायची. मग १९६० च्या दशकात टोरंटोच्या रॉबसन या सर्जनने किडनी, तिच्यावरची चरबी, वरची ग्रंथी असं सगळं एकगठ्ठा काढायची पद्धत बसवली आणि तीच बरीच वर्षं कायदा होऊन बसली. त्या काळात ते बरोबरही होतं म्हणा. रोगी यायचा तोच लघवीतून लाल रक्त, कुशीत दुखणं आणि हाताला लागेल एवढा गोळा घेऊन. तेव्हा राखायला उरायचं काय? चित्र बदललं ते सोनोग्राफीने. आता पित्ताशयाला, मुतखड्याला, बाळंतपणाला मशीन लावलं की कोपऱ्यात तीन सेंटिमीटरची गाठ सापडते. खानदेशात उन्हाळा ४५ अंशांवर जातो, घाम निथळतो, लघवी घट्ट होते, मुतखडे घरोघर. त्या मुतखड्याने इथल्या किती जणांची गाठ वेळेत दाखवून दिली असेल, त्याचे आभार कुणी मानत नाही.

किडनी दान करणारा एका किडनीवर मजेत जगतोच की, हा पुढचा मुद्दा. बिनतोड वाटतो, पण तसा नाही. दाता निवडून घेतलेला असतो: साखर नाही, बीपी नाही, दोन्ही किडन्या तपासून उत्तम ठरलेल्या. कॅन्सरचा पेशंट असा चाळणीतून आलेला नसतो. तो साठीकडे झुकलेला, बीपीची गोळी चालू, तंबाखू किंवा बिडी तीस वर्षांची, गुडघे दुखतात म्हणून मेडिकलवरून डायक्लोफेनॅक घेणारा. त्याची ‘चांगली’ किडनी सोनोग्राफीत चांगली दिसते, एवढंच. न्यू यॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधून २००६ साली आलेला एक अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. लहान गाठींचे ६६२ पेशंट, दोन्ही किडन्या जागेवर, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने गाळून बाहेर टाकायचा कचरा) ‘नॉर्मल’. तरी त्यातल्या २६ टक्क्यांची किडनी आधीच कमजोर होती. आणि तीन वर्षांत नव्याने कमजोर होण्याची शक्यता आख्खी काढलेल्यांत ६५ टक्के, राखलेल्यांत २०. क्रिएटिनिनचा आकडा मोठा लबाड आहे. गाळण्याची ताकद बरीच घटेपर्यंत तो हूं की चूं करत नाही. म्हणून रिपोर्टवरच्या १.१ कडे पाहून निश्चिंत होऊ नये. वय घालून काढलेला ईजीएफआर, म्हणजे गाळण्याच्या ताकदीचा अंदाज, विचारावा, आणि शंका असेल तर कुठली किडनी किती काम करते हे दाखवणारा डीटीपीए स्कॅन करून घ्यावा.

अर्थात नाण्याला दुसरी बाजू आहे आणि ती लपवणं बरोबर नाही. युरोपात चिठ्ठ्या टाकून केलेली एक मोठी चाचणी झाली: ५४१ पेशंट, गाठ ५ सेंटिमीटरपर्यंत, निम्म्यांची किडनी राखली, निम्म्यांची काढली. २०११ मध्ये निकाल आला तेव्हा सगळेच बुचकळ्यात पडले. दहा वर्षांनी जिवंत असलेले राखलेल्या गटात ७५.७ टक्के, काढलेल्या गटात ८१.१. किडनीची ताकद राखलेल्यांत चांगली राहिली, पण आयुष्य वाढलं असं काही दिसलं नाही. त्या चाचणीवर वाद पुष्कळ झाले. पेशंट ठरल्यापेक्षा कमी मिळाले, काहींनी ऐन वेळी गट बदलला. तरीही जो सर्जन छातीठोकपणे ‘राखली की जास्त जगाल’ म्हणतो, त्याने ही चाचणी वाचलेली नाही किंवा वाचून विसरला आहे. प्रामाणिकपणे इतकंच म्हणता येतं की लहान गाठीत कॅन्सर आवरण्याच्या बाबतीत दोन्ही ऑपरेशनं बरोबरीची, आणि किडनीची शिल्लक राखलेल्यात जास्त. पुढे साखर लागली, दुसऱ्या बाजूला खडा अडकला, तिथेही गाठ आली, तर ती शिल्लक कामाला येते. ज्याच्या गावापासून डायलिसिसचं मशीन पन्नास-साठ किलोमीटरवर आणि आठवड्याला दोन-तीन खेपा, त्याला शिल्लक या शब्दाचा अर्थ समजावावा लागत नाही.

सीटी स्कॅन कसा वाचतात हे पाहण्यासारखं असतं. काळ्या-पांढऱ्या चकत्या सर्जन वरखाली सरकवत राहतो आणि पाच गोष्टी मनात मोजतो: गाठ किती मोठी, बाहेर किती डोकावते आणि आत किती रुतलीय, लघवी जमा होते त्या पोकळीपासून किती लांब, पुढच्या अंगाला की मागच्या, आणि टोकाला की मध्यावर. पुढच्या-मागच्या अंगाची नुसती नोंद होते, बाकी चारांचे गुण पडतात, ४ ते १२. ४ ते ६ म्हणजे सोपी, १० ते १२ म्हणजे घाम काढणारी. आकार हा त्यातला फक्त एक विषय, हे लोकांना पटत नाही. टोकाला लोंबणारी ५ सेंटिमीटरची गाठ बरी, पण रक्तवाहिन्यांच्या खिंडीत दडलेली २ सेंटिमीटरची नको. ढोबळ हिशोब मात्र आकाराचाच: ४ सेंटिमीटरपर्यंत राखायचीच, ७ पर्यंत जमेल तर राखायची, त्यापुढे किंवा शिरेत गाठीची जीभ शिरली असेल तर बहुधा आख्खी. त्याच चकत्यांत अजून एक मोजणी असते. गाठीत चरबी दिसली तर ती बहुतेक अँजिओमायोलायपोमा, कॅन्सर नव्हेच. चार सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींत पाचातली एखादी शेवटी निरुपद्रवी निघते. आधी सुईने तुकडा घेता येतो, पण दर वेळी घेत नाहीत. आणि आजोबा ८२ वर्षांचे, दम लागणारे, गाठ दोनची असेल तर नुसतं नजरेखाली ठेवणं हाही खरा इलाज आहे. अशा गाठी सरासरी वर्षाला दोन-चार मिलिमीटरच वाढतात. घरच्यांना मात्र ‘काहीच करत नाहीत’ असं वाटत राहतं.

ऑपरेशनची खरी मेख रक्तात आहे. दोन्ही किडन्यांमधून मिनिटाला लिटरभराहून जास्त रक्त फिरतं, एकीतून साधारण अर्धा लिटर. त्यात कात्री घालायची म्हणजे आधी पाणी बंद करायला हवं. इथे धुळ्याकडच्या माणसाला फड, म्हणजे पाटाच्या पाण्यावर भिजणारे शेतांचे तुकडे, आठवावेत. पांझरा नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून फडाफडाला पाणी, आणि पाटकऱ्याच्या हुकमाशिवाय कुणी बारं फोडायचं नाही. किडनीची मुख्य रोहिणी आत शिरताना साधारण पाच फाट्यांत वाटली जाते आणि प्रत्येक फाटा आपापल्या फडापुरता. शेजारच्या फडाला तो थेंब देत नाही. म्हणून एखादा फाटा टाक्यात चुकून आवळला गेला तर तेवढा तुकडा वाळतो, बाजूचं पाणी तिथे धावून येत नाही. पण याचाच फायदाही आहे: जमलं तर फक्त गाठीच्या फडाचं पाणी बंद करून उरलेली किडनी ओली ठेवता येते. ते नाजूक काम; बहुतेक वेळा मुख्य पाटच बंद करतात.

पेशंट कुशीवर, दुखरी बाजू वर. दुर्बिणीने असेल तर पोटात गॅस भरून चार-पाच भोकं, रोबो असेल तर त्याचे हात त्याच भोकांतून, उघडं असेल तर शेवटच्या बरगडीला धरून तिरका छेद. मोठं आतडं बाजूला लोटलं की किडनी लगेच दिसेल असं वाटतं, पण दिसते ती पिवळी चरबी. कधी ती लोण्यासारखी हाताने सरते. कधी, विशेषतः पोट सुटलेल्या, साखर-बीपी असलेल्या पुरुषांत, ती गुळाच्या चिकीसारखी किडनीला चिकटलेली असते; सोलायला जावं तर चरबीबरोबर किडनीचं पातळ आवरणच निघून येतं आणि खालून सगळीकडून रक्त झिरपायला लागतं. पाऊण तासाचं काम दीड-दोन तासांवर जातं ते बऱ्याचदा इथेच. गाठीच्या माथ्यावरची चरबी मात्र मुद्दाम राहू देतात, कारण कॅन्सर त्या चरबीत शिरलाय का हे पॅथॉलॉजिस्टला पाहायचं असतं. मग रोहिणी शोधून मोकळी करायची. चारातल्या एखाद्या माणसाला एका बाजूला एकाहून जास्त रोहिण्या असतात. सीटीत दुसरी बारीक रोहिणी नजरेतून सुटली तर काय होतं? मुख्य पाट बंद केला, निश्चिंत मनाने कात्री लावली आणि फडात पाणी येतच आहे. अशा वेळी घाईने कापत सुटणारा अडचणीत येतो. थांबून दुसरा चिमटा लावणारा सुटतो.

चिमट्याचं नाव बुलडॉग. बोटाच्या पेराएवढा, दात मऊ, पकड घट्ट. लावण्याआधी सगळी तयारी मांडलेली हवी: किडनीवर सोनोग्राफीची बारीक कांडी फिरवून गाठीची हद्द पाहिलेली, जाळून तिच्याभोवती रेघ आखलेली, टाके ठरल्या मापाला कापून, सुयांसकट ओळीने ठेवलेले. कारण चिमटा बसला की घड्याळ सुरू होतं.

‘क्लॅम्प ऑन.’ भूलतज्ज्ञ वेळ लिहून घेतो. लालसर तपकिरी किडनी डोळ्यांदेखत फिकट पडते. आता जाळणं बंद, थंड कात्री. जळल्या मांसात गाठ कुठे संपते ते कळत नाही, म्हणून. कात्रीची पाती आखलेल्या रेघेत शिरतात आणि सर्जन तळ पाहत पाहत पुढे सरकतो. चांगलं मांस गुलाबी, दाणेदार. गाठीचा रंग बहुतेक वेळा सोनेरी-पिवळा. पिवळं दिसलं म्हणजे फार जवळून गेलो, अजून बाहेरून घ्या. पूर्वी गाठीभोवती सेंटिमीटरभर चांगला भाग घ्यायचा दंडक होता. आता एखाद-दोन मिलिमीटर सलग मिळाले तरी पुरतात. ‘पाच मिनिटं,’ कुणीतरी बोलतं. गाठ सुटते, पिशवीत जाऊन पडते. तळाला एक पांढुरकं छिद्र दिसतं, तिथून लघवीची पोकळी उघडली गेलीय. ३-० च्या विरघळणाऱ्या धाग्याने आधी ते आणि दिसणाऱ्या रक्तवाहिन्यांची तोंडं शिवायची. ‘दहा.’ इथे सराईत लोक चिमटा काढून टाकतात, वरचं शिवण रक्त चालू असतानाच करतात; किडनीची तेवढी मिनिटं वाचतात आणि कुठली वाहिनी सुटलीय तेही लगेच दिसतं. नवखा असेल तर तो वरचा थरही शिवून मगच काढतो. तेही चूक नाही, फक्त मिनिटं वाढतात. साधारण २० ते २५ मिनिटांच्या आत पाणी सोडायचं, हा पाळायचा नेम. त्याहून वेळ लागणार हे आधीच दिसत असेल तर उघड्या ऑपरेशनात किडनीभोवती बर्फाचा चुरा भरतात. दहा मिनिटांत ती आतपर्यंत गार पडते आणि गारठलेली किडनी उपास जास्त वेळ सोसते. रोबोच्या चकचकाटात हा बर्फ लोक विसरले आहेत, पण एकुलत्या किडनीत अवघड गाठ असेल तर आजही अनुभवी हात उघडं करून बर्फच मागतात, आणि त्यात कमीपणा काही नाही.

किडनी शिवणं म्हणजे पिकल्या पपईला टाका घालणं. धागा ओढला की मांस कापत बाहेर येतो. यावर काढलेला तोडगा पाहिला की बारदान शिवणारा हमाल आठवतो. विरलेल्या गोणपाटात सुतळी तुटू नये म्हणून तो खाली चिंधी धरतो. इथे चिंधीच्या जागी प्लॅस्टिकची चिमुकली क्लिप. टाका बाहेर पडतो तिथे धाग्यावर क्लिप चढवायची, ती किडनीपर्यंत सरकवायची आणि ताण धाग्यावर न येता क्लिपच्या सपाट अंगावर येतो. काही जण काटेरी धागा वापरतात, बाभळीच्या फांदीसारखा; पुढे ओढला की मागे सरकत नाही, गाठ मारायला नको. पण तो फार आवळला तर खालचा फड वाळतो, हे विसरून चालत नाही. कडा जुळल्या, किडनी पुन्हा लाल झाली. यानंतरची एक पायरी घाईत गाळली जाते आणि तीच रात्री दोन वाजता महागात पडते. पोटात भरलेल्या गॅसचा दाब १२ ते १५ (मिलिमीटर पारा) असतो; तो दाबच बारीक शिरांवर अंगठा ठेवून बसलेला असतो. सगळं कोरडं दिसतं. म्हणून गॅसचा दाब कमी करून पाच मिनिटं नुसतं बघत बसायचं. बघत बसणं हे टाके घालण्याइतकंच काम आहे.

बाजूच्या टेबलावर गाठ उलटी करून पाहतात. तळ गुळगुळीत, गुलाबी, सलग असेल तर सगळ्यांचे खांदे खाली येतात.

नंतरचे दिवस नीरस असतील तर चांगलं. पहिल्या रात्री ड्रेनच्या नळीत लालसर पाणी, दुसऱ्या दिवशी फिकट. पेशंटला उठवून चालवतात, लघवीची नळी निघते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी. ड्रेनचं पाणी कमी न होता वाढत गेलं तर ते पाणी लॅबला पाठवून क्रिएटिनिन मोजायचं. रक्तापेक्षा कितीतरी जास्त आलं तर ते पाणी नाही, लघवी आहे. पोकळीचा टाका कुठेतरी गळतोय. बहुतेक वेळा ड्रेन राहू देऊन आणि आतून डीजे स्टेंट (किडनीतून मूत्राशयात उतरणारी बारीक नळी) टाकून काही आठवड्यांत भरून येतं, पुन्हा उघडावं लागत नाही. मात्र एक गोष्ट घरी जाताना पेशंटला आणि त्याच्या बायकोला, दोघांना, कागदावर लिहून द्यायला हवी. ऑपरेशननंतर आठ ते पंधरा दिवसांनी, सगळं छान चाललेलं असताना, अचानक लघवीतून लालभडक रक्त, रक्ताच्या गुठळ्या, चक्कर. शिवणीच्या आत एखाद्या शिरेला फुगा धरतो आणि तो फुटतो, त्याचं हे लक्षण. हे फार जणांना होत नाही. पण होतं तेव्हा पेशंट चोपड्याच्या पलीकडे सातपुड्याच्या पायथ्याला असतो आणि घरचे ‘उष्णता झाली’ म्हणून धणे-जिऱ्याचं पाणी देत बसतात. यावरचा इलाज जांघेतल्या रोहिणीतून बारीक नळी नेऊन तो फुगा आतून बुजवण्याचा. ती सोय असलेलं मोठं हॉस्पिटल आपल्याला कुठे जवळचं, हे ऑपरेशनच्या आधीच विचारून ठेवावं. ‘योजनेत बसतं का’ हे विचारायला सगळे आरोग्यमित्राकडे जातात, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

संमतीपत्रावर अजून एक ओळ असते, बहुधा इंग्रजीत: गरज पडली तर आख्खी किडनी काढावी लागेल. रक्त आवरलं नाही, गाठ आत अपेक्षेपेक्षा खोल निघाली, तर सर्जनला तिथल्या तिथे तो निर्णय घ्यावा लागतो. ही ओळ वाचून दाखवली नाही तर भूल उतरल्यावर भांडणं होतात. आणि वाचून दाखवली तर बाहेरचा नातेवाईक म्हणतो, मग आधीच काढा ना.

त्या दुपारी डॉक्टरांनी काय केलं? त्यांनी नेफ्रॉन वगैरे जड शब्द वापरले नाहीत. टेबलावरच्या औषधाच्या पॅडवर केळीचं पान काढलं, ओबडधोबड, कोपऱ्यात एक काळा ठिपका. मोठ्या भावाला म्हणाले, ‘नाना, करपा इथे आहे. आख्खं पान उतरवता का?’ नानांनी पॅड हातात घेतलं, ठिपक्यावरून अंगठा फिरवला. ‘अन हरण्या ऱ्हायना तर?’ हरण्या निघाला तर काय? याला मात्र डॉक्टर थोडे थांबले. ‘सीटीत तसं दिसत नाही. काढलेली गाठ तपासू. कडेला रोग निघाला तर पुढचं पाहू. सहा महिन्यांनी परत स्कॅन, मग दर वर्षी.’ नाना काही बोलले नाहीत. पटलं की नाही ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळण्यासारखं नव्हतं. सव्वातीन सेंटिमीटरची गाठ ज्याच्या कुशीत होती तो धाकटा भाऊ इतका वेळ गप्प बसलेला. त्याने पहिल्यांदा तोंड उघडलं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. घड कधी उचलता येईल? केळीचा भरलेला घड २०-२५ किलोचा. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे काही उचलायचं नाही, पाणी भरपूर प्यायचं, तंबाखू बंद, दुखलं तर मेडिकलवरून मनाने गोळी आणायची नाही. त्याने बोटांवर आठवडे मोजले, एकदा, मग पुन्हा एकदा, आणि भावाकडे वळून म्हणाला, ‘तवलगून कापणी व्हई जाई.’